‘बदल’वाचक शब्दांचे अर्थक्षेत्र : पर्याय, कर्ता आणि संमती

मराठीच्या अध्यापनात समानार्थी शब्दांच्या याद्यांना मोठे स्थान आहे. ‘बदल’ या शब्दापुढे अशा याद्यांत सामान्यतः फेरफार, फेरबदल, पालट, परिवर्तन, स्थित्यंतर, रूपांतर, सुधारणा असे शब्द मांडलेले असतात. त्यांच्या शेजारीच तडजोड, जुळवाजुळव, समायोजन अशी दुसरी एक शब्दावली आढळते. ‘बदल’ आणि ‘जुळवणूक’ या दोन अर्थांचे प्रदेश एकमेकांना लागून आहेत. एक बाजू बदलल्यावाचून दुसरीशी जुळत नाही, हे त्याचे कारण होय. या याद्या शब्दसंग्रह वाढविण्यास उपयुक्त असतात, यात शंका नाही. परंतु या शब्दांचा अर्थ एकच आहे आणि ते परस्परांच्या जागी वापरता येतात, अशी समजूतही त्या नकळत दृढ करतात. प्रत्यक्ष व्यवहार या समजुतीस दुजोरा देत नाही. ‘शेतकऱ्याने सातबाऱ्यावर फेरफार नोंदवला’ आणि ‘शेतकऱ्याने सातबाऱ्यात फेरफार केले’ ही दोन वाक्ये एकाच शब्दाभोवती रचलेली आहेत. तरी पहिल्या वाक्यातील शेतकरी कायद्याचे पालन करतो आणि दुसऱ्यातील शेतकरी गुन्हा करतो. एकाच शब्दाच्या दोन उपयोगांत जर एवढे अंतर पडत असेल, तर दोन भिन्न शब्दांना ‘समानार्थी’ म्हणताना अधिक सावधगिरी आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात या अर्थक्षेत्रातील निवडक शब्दांचा विचार त्यांच्या दैनंदिन व शासकीय वापराच्या आधारे केला आहे. बदल किती झाला किंवा कोणत्या प्रकारचा झाला, यापेक्षा तो कोणी केला, कोणी सोसला आणि कोणाच्या संमतीने झाला, या बाबींवर मराठीतील या शब्दांचे परस्परभेद अधिक अवलंबून आहेत, असे या पाहणीतून दिसते.

१. ‘बदल’ : मोबदल्याकडून स्थित्यंतराकडे

‘बदल’ हा शब्द मूळचा अरबी. एका वस्तूच्या जागी दुसरी येणे, विनिमय, मोबदला हा त्याचा मूळ आशय. मराठीत रूढ झाल्यावर त्याचा अर्थ ‘पहिल्यापेक्षा वेगळी स्थिती’ असा विस्तारला. मूळ आशय मात्र त्याच्या परिवारातील इतर शब्दांनी जपून ठेवला आहे. ‘अदलाबदल’ आणि ‘मोबदला’ या शब्दांत देवघेव स्पष्ट आहे. ‘बद्दल’ हे शब्दयोगी अव्यय आज ‘विषयी’ या अर्थाने सरसकट वापरले जाते. तथापि ‘केलेल्या कामाबद्दल पैसे मिळाले’ किंवा ‘नुकसानीबद्दल भरपाई दिली’ या वाक्यांत ‘त्याच्या ऐवजी, त्याच्या मोबदल्यात’ हा जुना अर्थ अजून जिवंत आहे.

‘बदली’ हा शब्द या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. सरकारी नोकराची बदली म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेमणूक. मुंबईच्या कापडगिरण्यांत मात्र ‘बदली कामगार’ हा वेगळाच वर्ग होता. गैरहजर कायम कामगाराच्या जागी त्या पाळीपुरते काम मिळणारा, आणि न मिळाल्यास दारावरून परत फिरणारा, असा तो कामगार. पहिल्या उपयोगात माणूस तोच राहतो आणि जागा पालटते. दुसऱ्यात जागा तीच राहते आणि माणूस पालटतो. दोन्हींच्या मुळाशी ‘एकाच्या जागी दुसरा’ हीच कल्पना आहे. परंतु ‘बदली झाली’ म्हणणारा आणि ‘बदलीवर लागलो’ म्हणणारा, यांच्या आयुष्यातील स्थैर्याची पातळी सर्वस्वी निराळी होती.

‘बदलणे’ या क्रियापदाचा व्याकरणिक विशेष येथे ध्यानात घ्यावयास हवा. ते अकर्मक आणि सकर्मक अशा दोन्ही प्रकारे चालते. ‘हवा बदलली’ यात कर्ता हवाच आहे. ‘तिने साडी बदलली’ यात करणारी व्यक्ती वेगळी आणि बदलणारी वस्तू वेगळी. भूतकाळी रूपात दोन्ही वाक्यांतील क्रियापद सारखेच दिसते. यामुळे ‘नियम बदलले’ हे वाक्य संदिग्ध होते. नियम हवेप्रमाणे आपोआप बदलले, की कोणी तरी ते बदलले आणि त्याचे नाव वाक्यात आले नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही. सकर्मक रूपाचा कर्ता गाळला की वाक्य अकर्मकासारखे वाचले जाते. परीक्षेच्या वेळापत्रकापासून पाणीपट्टीच्या दरापर्यंत असंख्य सूचना या रचनेत लिहिल्या जातात, त्यामागे हीच सोय आहे. ‘बदल’ हा या क्षेत्रातील सर्वांत निरुपद्रवी वाटणारा शब्द आहे, कारण तो करणाऱ्याविषयी सर्वांत कमी सांगतो.

२. ‘पालट’ आणि ‘फेर’ : शरीराच्या हालचालींतून आलेले शब्द

‘पालट’ व ‘फेर’ हे शब्द मराठीच्या घरगुती वळणाचे आहेत. ‘पालटणे’ म्हणजे बाजू बदलणे, उलटे होणे. ‘फेर’ हा फिरण्याशी निगडित. दोन्ही शब्दांमागे डोळ्यांना दिसणारी हालचाल आहे आणि त्यांच्या सामासिक रूपांत ती टिकून आहे. आजारी माणसाला हवापालटासाठी नेतात, त्यात तो बरा होऊन परत येईल हे गृहीत असते. शेतकरी पिकांची फेरपालट करतो. कडधान्यानंतर तृणधान्य आणि पुन्हा कडधान्य, असे चक्र त्यात अभिप्रेत आहे. जमीन तीच राहते आणि तिचा कस टिकावा हा हेतू असतो. ‘फेरविचार’, ‘फेरतपासणी’, ‘फेरमतदान’ या समासांतही ‘फेर’ म्हणजे पुन्हा एकदा, पहिल्या जागी येऊन.

‘खांदेपालट’ हा शब्द पालखीच्या किंवा तिरडीच्या खांदेकऱ्यांवरून आला. एक खांदा थकला की दुसरा पुढे होतो; ओझे मात्र तेच असते आणि वाटही तीच. मंत्रिमंडळातील खात्यांची हलवाहलव वर्तमानपत्रे ‘खांदेपालट’ या शब्दाने सांगतात, तेव्हा या मूळ चित्रातील अर्थ त्या वार्तेत आपोआप उतरतो. माणसे बदलली, पण वाहायचे ते बदलले नाही, असे भाष्य तो शब्द स्वतःच करतो. त्या जागी ‘मंत्रिमंडळात परिवर्तन’ असे लिहिले तर वार्ताहराचे मत उलटे होईल. ‘कायापालट’ हा मात्र याला अपवाद. तेथे पालटणारी वस्तू कायाच असल्यामुळे जुने काही उरत नाही. एकंदरीत ‘पालट’ व ‘फेर’ या शब्दांत मूळ वस्तू कायम राहून तिची बाजू, क्रम किंवा धारक बदलतो. त्यात पुन्हा पूर्वस्थितीस येण्याची शक्यता गृहीत असते.

३. ‘फेरफार’ : एका शब्दाची दोन आयुष्ये

‘फेर’ या शब्दाचेच अभ्यस्त रूप असलेला ‘फेरफार’ आज दोन परस्परविरोधी अर्थांनी जगतो. महसुली व्यवहारात तो पारिभाषिक शब्द आहे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसा, वाटणी, खरेदी, गहाण, बक्षीस इत्यादी मार्गांनी जमिनीत हक्क मिळवणाऱ्याने ती गोष्ट तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावयाची असते. नोंदणीकृत दस्तऐवजाने मिळालेल्या हक्काला या कळवण्यातून सूट आहे. कलम १५० नुसार तिची फेरफार नोंदवहीत नोंद होते, तिची प्रत चावडीत लावली जाते, हितसंबंधितांना लेखी सूचना दिली जाते, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत दाखल होते आणि शेवटी सक्षम महसूल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात दिसणारा अंक हा अशा फेरफाराचा क्रमांक असतो.

या उपयोगात फेरफार हा मोजता येणारा, क्रमांक असलेला, एकवचनी शब्द आहे. तो ‘धरला’ जातो, ‘मंजूर’ होतो, ‘रद्द’ होतो. त्याचा ‘उतारा’ मिळतो, त्यासाठी ‘फेरफार अदालत’ भरते आणि संगणकीकरणानंतर त्याला ‘ई-फेरफार’ असे नवे नावही मिळाले. महत्त्वाची गोष्ट अशी की, हा फेरफार स्वतः हक्क निर्माण करत नाही. वडील वारले, खरेदीखत झाले, भावाभावांत वाटणी झाली, म्हणजे हक्कातील बदल अगोदरच घडलेला असतो. फेरफार ही त्या बदलाची केवळ नोंद.

नित्याच्या बोलण्यात आणि वृत्तपत्रीय भाषेत मात्र ‘फेरफार’ हा आरोपाचा शब्द झाला आहे. गुणपत्रिकेत फेरफार, हजेरीपटात फेरफार, वीजमीटरमध्ये फेरफार, हिशेबात फेरफार. येथे तो बहुधा अनेकवचनी असतो, त्याला क्रमांक नसतो, आणि त्याच्या आगेमागे ‘केल्याचा संशय’, ‘केल्याचे उघडकीस आले’ असे शब्द येतात. या उपयोगात वस्तुस्थिती जागच्या जागी असते आणि नोंद तेवढी हलवली जाते. महसुली फेरफारात वस्तुस्थिती हललेली असते, म्हणून नोंद हलवावी लागते. लौकिक उपयोग हा अशा प्रकारे पारिभाषिक उपयोगाचा नेमका व्यत्यास आहे.

याच कचेरीत तिसरा शब्द ‘दुरुस्ती’. याच अधिनियमाचे कलम १५५ लेखनातील चुकांच्या दुरुस्तीविषयी आहे. तेथे वस्तुस्थिती हललेली नसते आणि लबाडीही गृहीत नसते. नोंद लिहितानाच चुकलेली असते. म्हणजे एकाच उताऱ्यावरील एक नाव तीन कारणांनी बदलू शकते आणि मराठी त्या तिघांना वेगळे ओळखते : सत्य बदलले म्हणून फेरफार, लेखनिक चुकला म्हणून दुरुस्ती, कोणी फसवले म्हणून पुन्हा फेरफार. पहिल्या व तिसऱ्या प्रकाराला एकच शब्द असल्यामुळे प्रत्यक्ष व्यवहारात गोंधळ होतो. आपल्या जमिनीवर ‘फेरफार’ झाल्याची सूचना हाती पडलेल्या माणसाला ती धोक्याची घंटा वाटू शकते. उलटपक्षी, खरोखर खोटी नोंद झाली असताना ‘तो नेहमीचा फेरफार आहे’ या उत्तराने त्याचे समाधानही करता येते. सूचनेविरुद्ध हरकत घेण्याची मुदत मर्यादित असते. त्या मुदतीत शब्दाचा कोणता अर्थ मनात येतो, यावर जमिनीचा वाद अवलंबून राहू शकतो. अर्थविचाराचा प्रश्न येथे केवळ कोशाचा राहत नाही.

४. ‘सुधारणा’, ‘परिवर्तन’, ‘अंतर’ : मूल्य सांगणारे शब्द

‘सुधारणा’ या शब्दात ‘सु’ असल्याची जाणीव मराठी भाषकाला असते. बदल चांगल्याच्या दिशेने झाला, असे तो सुचवतो. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या पत्राचे नाव ‘सुधारक’ होते, त्यात हे मूल्य उघडपणे स्वीकारलेले होते. शासकीय परिभाषेने मात्र हाच शब्द मूल्यनिरपेक्ष केला. कायद्यात कोणताही बदल करावयाचा असो, विधेयक ‘सुधारणा विधेयक’च असते. १९७६ चा अधिनियम विधिभाषेत बेचाळिसावी ‘सुधारणा’, वृत्तपत्रांत बेचाळिसावी ‘घटनादुरुस्ती’ आणि विरोधकांच्या भाषणांत घटनेची ‘मोडतोड’ ठरला. ‘सुधारित भाडेदर’ म्हणजे व्यवहारात बहुधा वाढलेले भाडे असते. शब्दातील ‘सु’ कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न त्या वेळी प्रवाशाच्या मनात उभा राहतो. हिंदीत याच अर्थाने ‘संशोधन’ हा शब्द रूढ आहे. मराठीत मात्र संशोधन म्हणजे शोध घेणे. हिंदी मसुद्यावरून मराठी मजकूर सिद्ध करताना या एका शब्दामुळे विपरीत अर्थ होऊ शकतो.

‘परिवर्तन’ या शब्दास सामाजिक चळवळींनी वजन प्राप्त करून दिले. ‘हवामानात बदल’ आणि ‘समाजात परिवर्तन’ हे सहप्रयोग सहज येतात; ‘वेळापत्रकात परिवर्तन’ हास्यास्पद वाटते. परिवर्तन ‘घडते’ किंवा ‘घडवले’ जाते, म्हणजे त्यामागे प्रयत्न आणि काळ असतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील दीक्षेचा वर्धापनदिन ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ आहे. बोलताना व लिहितानाही पुष्कळदा त्याचे ‘परिवर्तन दिन’ होते. दोन्ही शब्द ‘वृत्’ या एकाच धातूपासून आलेले असले तरी चाक गतिमान करणे वेगळे आणि चाक वळवणे वेगळे. ‘प्रवर्तन’ शब्दात आरंभाचा जो दावा आहे, तो ‘परिवर्तन’ शब्दाने नाहीसा होतो.

‘अंतर’ हे उत्तरपद असलेले शब्द या क्षेत्रात सर्वांत निर्णायक आहेत. रूपांतर, भाषांतर, स्थलांतर, पक्षांतर, सत्तांतर, धर्मांतर, या सर्वांत ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरे’. एक सुटले आणि दुसरे आले. या शब्दांच्या निर्णायकतेमुळेच त्यांच्याभोवती संघर्ष उभे राहिले आहेत. त्याचे ठळक उदाहरण मराठवाड्याचे आहे. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि पुढील दीड दशक जी चळवळ चालली तिचे नाव ‘नामांतर’. १९७९ चा लाँग मार्च याच मागणीसाठी निघाला होता. १४ जानेवारी १९९४ रोजी निर्णय झाला तो ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या नावाचा, आणि त्या निर्णयास संज्ञा मिळाली ‘नामविस्तार’.

‘नामांतर’ आणि ‘नामविस्तार’ हे शब्द पर्यायकोशात शेजारी बसू शकतील. व्यवहारात एक शब्द मागणीचा आहे आणि दुसरा तोडग्याचा. ‘अंतर’ शब्दात जुने नाव जाते, ‘विस्तार’ शब्दात ते राहून नव्याला जागा देते. पहिला बदल सांगतो, दुसरा जुळवणूक. १४ जानेवारी हा दिवस ‘नामविस्तार दिन’ म्हणून पाळला जातो, परंतु लढ्याचा उल्लेख ‘नामांतराचा लढा’ असाच होतो. ज्यांनी त्या काळात घरे व माणसे गमावली, त्यांच्या स्मृतीत पहिला शब्द टिकला आणि शासनाच्या अभिलेखात दुसरा. हे दोन शब्द समानार्थी मानणे म्हणजे सोळा वर्षांचा इतिहास पुसणे होय.

५. ‘तडजोड’, ‘जुळवून घेणे’, ‘समायोजन’ : कोणी कोणाशी?

जुळवणुकीच्या शब्दांत दोन पक्ष असतात. म्हणून कोण बदलले, हा प्रश्न येथे अधिक टोकदार होतो. ‘तडजोड’ हा शब्द ‘होणे’ या क्रियापदासह आला की दोन्ही बाजू हलल्या असे समजते : ‘भावाभावांत तडजोड झाली’, ‘लोकअदालतीत प्रकरण तडजोडीने मिटले’. तोच शब्द ‘करणे’सह एका कर्त्याला जोडला की अर्थ घसरतो. ‘त्याने तत्त्वांशी तडजोड केली’, ‘तिने आयुष्यभर तडजोड केली’ या वाक्यांत दुसरा पक्ष हललाच नाही. ‘तडजोडवादी’ हे विशेषण तर निंदाव्यंजकच आहे.

‘जुळवून घेणे’ यातील ‘घेणे’ हे सहायक क्रियापद क्रियेचा भार कर्त्याकडे वळवते. सांभाळून घेणे, चालवून घेणे, नमते घेणे, पडते घेणे, खपवून घेणे, ही सारी रूपे त्याच घडणीची. मराठीत ती विपुल आहेत आणि सहन करण्याच्या पायऱ्या सूक्ष्मपणे दाखवतात. ‘सांभाळून घेणे’ यात मोठेपणा आहे, ‘नमते घेणे’ यात शहाणपण, ‘खपवून घेणे’ यात संताप. तो शब्द बहुधा नकारार्थीच येतो. ‘जुळवून घेणे’ परस्परांचे असू शकते, तथापि आज्ञार्थात ते कोणाला उद्देशून येते हे पाहण्यासारखे आहे. ‘सासरी जुळवून घे’ हे वाक्य रूढ आहे. ‘सुनेशी जुळवून घ्या’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या तितकेच शुद्ध असूनही क्वचित ऐकू येते. शब्दाच्या अर्थात स्त्री-पुरुष किंवा थोर-लहान असा भेद नाही. तो त्याच्या वापराने आणला आहे. कोश हा भेद नोंदवत नाही, भाषकाला मात्र तो बालपणापासून ठाऊक असतो.

इंग्रजीतून आलेल्या ‘अ‍ॅडजस्ट करणे’ या प्रयोगाने या शब्दांच्या बरोबरीने स्वतःची जागा केली आहे. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा प्रवासी ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ असे म्हणतो, तेव्हा त्याला ‘जुळवून घ्या’ म्हणता येत नाही आणि ‘तडजोड करा’ तर मुळीच नाही. ‘सरका’ हा शब्द आहे, पण त्यात हुकूम डोकावतो. ‘अ‍ॅडजस्ट’ या परक्या शब्दाला मराठी नात्यांचे ओझे नाही, म्हणून अनोळखी माणसाला तो सौम्य वाटतो. उसना शब्द नेहमी उणिवेमुळेच येतो असे नाही. कधी कधी घरच्या शब्दांत साठलेले अर्थ टाळण्यासाठीही तो येतो.

‘समायोजन’ हा घडवलेला शब्द मानसशास्त्रात व्यक्ती आणि परिस्थिती यांच्या मेळाचा वाचक आहे, तर लेखाकर्मात वर्षअखेरीच्या नोंदींचा. शालेय प्रशासनात त्याला तिसरा अर्थ मिळाला. संचमान्यतेत पटसंख्या कमी भरली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात आणि त्यांचे अन्य शाळेत ‘समायोजन’ केले जाते. वरवर पाहता ही बदलीच. परंतु बदलीत सोडलेले पद मागे शिल्लक असते आणि तेथे दुसरा कोणी येतो; समायोजनात मागचे पदच नाहीसे झालेले असते. शिवाय मानसशास्त्रातील समायोजनाचा कर्ता स्वतः व्यक्ती असते, प्रशासनातील समायोजनात व्यक्ती ही षष्ठी विभक्तीत असते : ‘शिक्षकाचे समायोजन’. जुळवणारे कार्यालय आणि जुळणारा शिक्षक, अशी विभागणी होते. नव्या गावी खोली शोधणे, मुलांच्या शाळेची व्यवस्था लावणे, रोजचा प्रवास करणे, हे सारे ‘जुळवून घेणे’ त्या एका तत्सम शब्दाच्या आड राहते. ‘समायोजन’ या शब्दात ‘सम’ ऐकू येते, परंतु दोन्ही बाजू सारख्या हलल्या असे त्यावरून म्हणता येत नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, या अर्थक्षेत्रातील शब्दांचे भेद कोशातील एका शब्दाच्या अर्थातून पुरेसे कळत नाहीत. त्यासाठी त्यांचे सहप्रयोग पाहावे लागतात. विशेषतः ‘होणे’, ‘करणे’, ‘घडवणे’, ‘घेणे’ यांपैकी कोणते क्रियापद शब्दाला जोडले जाते, हे निर्णायक ठरते. दुसरी, ‘फेरफार’, ‘सुधारणा’, ‘समायोजन’ यांसारखे शब्द व्यवहारक्षेत्र बदलताच मूल्य बदलतात. तिसरी, शब्दाची निवड बहुधा बोलणाऱ्याची बाजू उघड करते. बदल करणारा ‘सुधारणा’ म्हणतो, सोसणारा ‘मोडतोड’ म्हणतो, आणि ज्याला नाव घ्यावयाचे नाही तो केवळ ‘बदल झाला’ असे म्हणतो.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी पद्धत सुचते. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घेण्याऐवजी एकच वाक्य घेऊन त्यात हे शब्द क्रमाने घालून पाहावेत आणि प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत : कर्ता कोण, भार कोणावर आणि संमती कोणाची? ‘शाळेचे नाव बदलले’, ‘शाळेच्या नावात फेरफार झाला’, ‘शाळेचे नाव सुधारले’, ‘शाळेचे नामांतर झाले’, ‘शाळेचा नामविस्तार झाला’, या पाच वाक्यांनी पदव्युत्तर वर्गातील एक तासिका पुरेशी भरू शकेल. शब्दांची जागा बदलताना नेमके काय हरवते, हे ज्याला ओळखता येते त्याला चावडीवर लावलेली सूचनाही वाचता येते आणि त्याच्याच समायोजनाचा आदेशही.